मी बार्शीला असतानाचा महिना

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्त होऊन तिसरा दिवस. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब सांभाळले. निरोपाला शाल, नारळ आणि कारखान्याचेच सहा टॉवेल मिळाले. शकुंतला म्हणाली, बरं झालं, जुने विरले होते. एकतीस वर्षांचा समारोप बायकोने तेवढ्यावर आटोपला.

आमचा कारखाना खाजगी. पेन्शन म्हणून जे येणार ते लाईटबिलाला पुरलं तर पुरलं. बाकी फंड, ग्रॅच्युइटी आणि पंधरा वर्षं दर महिन्याला म्युच्युअल फंडात टाकत आलो ते, सगळं मिळून पन्नास लाख. आता उलटं करायचंय. आजवर दर महिन्याला टाकत होतो, इथून पुढे काढायचे. टाकायला अक्कल लागत नाही, शिस्त पुरते. काढायला दोन्ही लागतात.

रेश्मा पुण्याहून फोनवर म्हणाली, "अप्पा, कशाला डोकं शिणवता? आम्ही आहोत ना." मुलगी चांगली आहे, जावईही चांगला आहे. म्हणूनच त्यांच्याकडे हात पसरायची वेळ या घरावर कधी येता कामा नये. हे मी ठरवलंय आणि मी ठरवलं की ठरवलं.

६ फेब्रुवारी

आसरा चौकात मेडिकलच्या वर वैष्णवीचं ऑफिस आहे. आमचे फंडांचे सगळे व्यवहार तीच बघते. वय तीस, पण पोरगी पक्की आहे. तिने योजना समजावून सांगितली. गुंतवणूक आहे तिथेच राहते, वाढत राहते, आणि महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम आपोआप बँकेत येते. दरवर्षी महागाईप्रमाणे ती रक्कम थोडी वाढवत न्यायची.

"काका, किती वर्षांसाठी धरू?"

"अठरा," मी म्हणालो.

"एवढं नेमकं?"

मग तिला पत्रिकेचं सांगावं लागलं. माझ्या बारशाला माझ्या वडिलांनी अक्कलकोटच्या गुरुसिद्धप्पांकडून पत्रिका करून घेतली होती. पंचांगात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्यांनी तीन गोष्टी लिहून ठेवल्यात. लग्न एकोणतिसाव्या वर्षी. उपजीविका यंत्रांच्या आवाजात. आयुष्य अठ्ठ्याहत्तर. तीन स्थळं मोडून माझं लग्न बरोबर एकोणतिसाव्या वर्षी झालं. यंत्रांच्या आवाजाने डावा कान निम्मा गेला. माझा वास्तूवर विश्वास नाही, अंगठ्यांवर नाही, पण ज्या माणसाचे पहिले दोन आकडे जुळले त्याच्या तिसऱ्यावर संशय कशासाठी घ्यायचा? आज साठ. राहिली अठरा.

वैष्णवी म्हणाली, ती सगळ्यांचं नव्वदपर्यंत धरते. मी म्हणालो, नव्वद धरून अर्धपोटी जगायचं आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पैसे तसेच टाकून जायचं, हा कुठला हिशेब?

"आणि काकूंचं वय?"

"बावन्न. त्याचं काय?"

"काही नाही," असं म्हणून तिने ते लिहून घेतलं. या मुलांना नको ती माहिती गोळा करायची सवय असते.

१० फेब्रुवारी

महागाई किती धरायची यात चार दिवस गेले. पेपरात एक आकडा, टीव्हीवर दुसरा. शेवटी शकुंतलेला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"लग्न झालं तवा दूध आठ रुपये लिटर हुतं," ती म्हणाली. "तुमी म्हनाला हुता, अर्धा लिटर बास. माझी अव्वा समोर बसली हुती, मला लई लाज वाटली."

दूध आज साठ. एकतीस वर्षं. मी गणित मांडलं, वर्षाला साडेसहा टक्के बसले. बाकी वस्तू इतक्या पळत नाहीत. कपडे, भांडी, फोन धरून सरासरी सहा टक्के ठीक आहे. फंडांची वाढ मी बारा धरत होतो. वैष्णवी म्हणाली, नऊच्या वर धरू नका, नंतर चांगलं झालं तर चहा पाजा. ते पटलं.

शकुंतलेला अर्ध्या लिटरचं अजून आठवतं. बायका नको ते लक्षात ठेवतात.

१२ फेब्रुवारी

सासूबाई आल्या, शकुंतलेची अव्वा. शिवम्मा, वय चौऱ्याऐंशी. अक्कलकोटकडच्या गावाहून एसटीने एकट्या आल्या, हातात शेंगांची पिशवी, आणि आमचे तीन जिने न थांबता चढल्या. मी दुसऱ्या मजल्यावर दम खातो. आल्या आल्या चष्म्याविना सुईत दोरा ओवून माझ्या शर्टाचं बटण लावलं. दुपारी कडक भाकरी स्वतःच्या दातांनी खाल्ली. मी जरा वाढायला लागलो तर "साकु, साकु," म्हणजे पुरे पुरे, असं म्हणून हात आडवा. यांच्या आई त्र्याण्णवाव्या वर्षी गेल्या, त्याही चिंच झोडायला शिडीवर चढल्या आणि पडल्या म्हणून. या घरातल्या बायका फार चिवट. पुरुष मात्र साठी ओलांडली की आटोपतात.

असो. मुद्द्याचं म्हणजे टक्क्यांचं काम आज संपलं.

१५ फेब्रुवारी

झालं. पहिल्या वर्षी दरमहा साडेएकोणतीस हजार. दरवर्षी सहा टक्के वाढ. शेवटच्या वर्षी महिन्याला एकोणऐंशी हजार घेऊ, आणि अठ्ठ्याहत्तरावं सरेल त्या दिवशी शिल्लक शून्य. एक रुपया वाया नाही, एक कमी नाही. कारखान्याचे ताळेबंद मी एवढी वर्षं केले, पण असा सुरेख एकही जुळला नव्हता. आम्हाला आज सत्तावीस हजार लागतात, म्हणजे वर अडीच हजारांची चैन.

उद्या शकुंतलेला दाखवतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

दाखवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग स्क्रीनवर शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्या ओळीला माझं वय किती?"

"सत्तर."

"आन् ह्याच्या खालची ओळ कुटं हाय?"

"खाली ओळ नाही. इथे हिशेब संपतो."

"बरं," ती म्हणाली आणि वाळलेले कपडे काढायला गेली.

कौतुकाचा एक शब्द नाही. मी परत सगळ्या बेरजा तपासल्या. बरोबर होत्या.

१८ फेब्रुवारी

आज पाचव्या दिवशी पाणी आलं. शकुंतला नेहमीप्रमाणे सगळं भरून झाल्यावर निळं पिंपही भरायला लागली. चार दिवसांसाठी ते पिंप लागत नाही. मी वर्षानुवर्षं तिला त्यावरून चिडवतो. आजही म्हणालो, कुणासाठी भरतेस?

"पाचव्या दिवशी न्हाय आलं तर?" ती म्हणाली. "घरात मानूस असतंय की."

मी नळ धरून उभा होतो तो तसाच राहिलो. पाणी पायावरून वाहून गेलं.

खालची ओळ कुठे आहे, हे ती त्यासाठी विचारत होती. सत्तराव्या वर्षी. सासूबाईंच्या हिशेबाने अजून बावीस-पंचवीस वर्षं. तिला रिकाम्या खात्यात बसवून, वर एक रुपया वाया गेला नाही म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत होतो. आणि ती भांडली नाही, रडली नाही. बरं म्हणाली आणि कपडे काढायला गेली. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२० फेब्रुवारी

वैष्णवीकडे जाऊन म्हणालो, अठरा खोडा, चाळीस धरा. शकुंतला ब्याण्णव वर्षांची होईपर्यंत. वैष्णवीने तो तक्ता आधीच तयार करून ठेवला होता असं दिसलं, कारण छापील कागद खणातून निघाला.

मी गेल्यावर खर्च निम्मा होईल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, निम्मा होत नाही, सत्तर टक्के तरी राहतो. तसं धरून आकडा आला दरमहा एकोणीस हजार सातशे. लागतात सत्तावीस.

जिना उतरून खाली आलो. आसरा चौकात उसाचा रस घेतला, पंधरा रुपयांचा, आणि तेवढ्यातही वाटलं की हे कोणाच्या वाट्याचे पंधरा.

२७ फेब्रुवारी

रडत बसणाऱ्यातला मी नाही. पैसे वाढत नसतील तर त्यांना हात लावायचा नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे. आज चिंचोळीला जाऊन अभिमन्यूला भेटलो. तिशीतला मुलगा, बापाचा छोटा टॉवेलचा धंदा चालवतो, जीएसटीने टेकीला आलाय. सव्वीस हजारांवर हिशेब बघायला तयार झालो. पाच मेपासून. तीन वर्षं मी कमावतो, तीन वर्षं पन्नास लाखांना कोणी शिवायचं नाही. मग आकडा बावीस हजार आठशेवर जातो, आजच्या भावाने. माझ्यामागे तिला एकटीला त्याचे सत्तर टक्के, म्हणजे सोळा हजार.

शकुंतलेला सांगितलं. ती म्हणाली, "परत डबा करायचा म्हना की." मला वाटतं तिला घरात माझी अडचणच होत असावी.

२८ मार्च

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सत्तर टक्के हा आकडा कुणाचा? वैष्णवीच्या पुस्तकातला. त्या पुस्तकवाल्याने आमचं लाईटबिल पाहिलंय का? बावीस वर्षांचा डोलारा ज्या आकड्यावर उभा करायचा तो मी स्वतः तपासणार. कारखान्यात नवीन सूत आलं की आधी एक टॉवेल विणून बघायचे, मगच मोठी ऑर्डर घ्यायचे.

तेव्हा शकुंतलेला म्हणालो, एप्रिल महिना आपण मी नाही असं धरून चालू. सोळा हजार तुझ्या हातात. मला काही विचारायचं नाही, मी काही सांगणार नाही. माझं पीठ, भाजी, तेल, बीपीच्या गोळ्या, पेपर, स्कूटरचं पेट्रोल, सगळ्याचे पैसे वेगळ्या पाकिटात. तू फक्त तुझं आणि घराचं बघायचं. महिन्याअखेर कळेल सोळा पुरतात का.

तिने कानावर हात ठेवले. "भरल्या घरात असलं बोलू नगा."

मी दोन दिवस समजावत होतो. शेवटी आज म्हणाली, "तुमी गेलाय असं मी धरनार न्हाय. पायजे तर बार्शीला गेलाय असं धरते."

बार्शीच का, विचारलं.

"लांब न्हाय. येता येतंय."

ठीक आहे. बार्शी तर बार्शी.

१ एप्रिल, मंगळवार

आज मी बार्शीला गेलो. म्हणजे हॉलमधल्या खुर्चीत बसलो. सोळा हजार तिच्या हातात दिले. तिने ते देवापुढे ठेवले आणि मग चार ठिकाणी वाटून डब्यांत घातले. कोणत्या डब्यात किती, हे मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहा घेऊन पेपर वाचत बसलो.

३ एप्रिल

शेजारच्या वच्छलावहिनी सोसायटीच्या मेन्टेनन्सचं विचारायला आल्या. दारातून ऐकू आलं, "भाऊजी कुठायत?"

"बार्शीला गेल्यात."

मी तेव्हा चहाचा कप धरून पंख्याखाली बसलो होतो, पडद्याच्या अलीकडे. नेमकी शिंक आली. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं, शकुंतलेकडे पाहिलं आणि निघाल्या. त्यांना वाटलं असणार, आमचं भांडण झालंय. मेन्टेनन्सची थकबाकी मागायला आलेल्या बाईने जाताना शकुंतलेच्या पाठीवरून हात फिरवला.

७ एप्रिल

बाजार धाडकन पडला. टीव्हीवर सगळं लाल. पन्नास लाखांचे किती उरले बघायची मला हिंमत होईना. वैष्णवीचा फोन आला. मी बार्शीला, म्हणून शकुंतलेने घेतला. मी कान लावून बसलो, उजवा.

"दोन वर्षांच्या खर्चाचं बँकेत बाजूला ठिवलंय असं तुमीच म्हनाला हुता न्हवं? मंग पडू द्या की. त्याला आत्ता कोन हात लावतंय?" आणि मग, "तुमी जेवला का?"

बाजार पडल्यावर वैष्णवीला बहुतेक आज पहिल्यांदाच कोणी जेवणाचं विचारलं असेल. मी मात्र दिवसभर खात्यात डोकावत होतो. एक कबूल करतो, मी खरंच गेलो तर ही घाबरून सगळं काढून टाकेल अशी मला भीती होती. घाबरणारा माणूस दुसराच निघाला.

१३ एप्रिल

गॅस संपला. तिने पैसे दिले. सिलेंडर एकटीसाठी म्हणून अर्ध्या किमतीत मिळत नाही, हे मला ताळेबंदात कधीच दिसलं नव्हतं. लाईटबिलाचंही तेच. पंखा एकासाठी फिरला काय आणि दोघांसाठी फिरला काय, मीटर तेवढंच. ऊन बेचाळीसला टेकलंय.

रेश्माचा फोन. तिला आईने सांगितलं, अप्पा बार्शीला. मी मागे खोकलो. "मग खोकतंय कोण?" रेश्माने विचारलं. शकुंतला म्हणाली, "ते बार्शीचंच हाय." माय-लेकी किती तरी वेळ हसत होत्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मला खूप दिवसांनी तिचं हसणं एवढा वेळ ऐकू आलं, तेवढं खरं.

१७ एप्रिल, गुरुवार

शकुंतला अक्कलकोटला जाऊन आली. लग्नापासून महिन्याचा एक गुरुवार तिने चुकवलेला नाही. मी तीस वर्षं समजत होतो की माहेर जवळ म्हणून जाते. आज नियम मोडून विचारलं, तिथे एवढं काय मागतेस?

"लगीन ठरलं तवा तुमच्या अव्वांनी पत्रिकेतलं अठ्ठ्याहत्तरचं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "तुमी हिशेबात धरू नगा ते."

धरलं नाही. एसटीचे पैसे मात्र तिने खर्चात मांडले. तो खर्च मी गेल्यावर बहुधा वाचेल, कारण तेव्हा मागण्यासारखं काही उरणार नाही. तसं तिला बोलून दाखवलं तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. चहा मात्र चारला, सहाला आणि जेवणाआधी नेहमीसारखा समोर आला.

२३ एप्रिल

लग्नसराई. या आठवड्यात तीन पत्रिका. मला वाटलं होतं, एकट्या बाईला कोण बोलावतं. ती म्हणाली, एकट्या बाईला तर जास्तच जावं लागतं, नाही गेलं तर पैशामुळे आली नाही म्हणतात. दोन आहेर तिने केले, तिसऱ्याला तांब्या दिला. घरातला होता, कधी तरी कुणी आम्हालाच दिलेला. त्यात पैसे वाचवले म्हणून ती खूश होती.

तिचा डबा हलका झालाय. मी बघत नाही, पण आवाजावरून कळतं. आणखी आठवडा आहे. माझ्या पाकिटातले हजार रुपये गुपचूप डब्यात टाकावेत असं फार वाटलं. टाकले नाहीत. खोट्या आकड्यावर तिची बावीस वर्षं उभी करायची नाहीत.

२७ एप्रिल

सासूबाईंनी गावाहून शेंगांची चटणी आणि खपली गव्हाचा रवा पाठवला. शकुंतला म्हणाली, हे जमेत धरायचं नाही, अव्वा काही कायमची नाही. मी मनात म्हणालो, सासूबाईंचं काही सांगता येत नाही.

आज तिने विचारलं, "बार्शीला गरम होतंय का?" मी म्हणालो, फार. मग तिने पंखा माझ्याकडे वळवला.

३० एप्रिल, बुधवार

बसवजयंती. पुरणपोळी झाली. संध्याकाळी तिने हिशेब पुढ्यात ठेवला. सोळा हजार दिले होते, गेले अठरा हजार दोनशे. वरचे बावीसशे तिने स्वतःच्या भिशीतून घातले होते.

म्हणजे सत्तर टक्के चूक. ऐंशी लागतात. ते पुस्तक लिहिणाऱ्याने कधी घर चालवलं नसावं.

खर्चाची एकेक ओळ तपासली. गॅस, लाईट, आहेर सगळं वाजवी. एकच ओळ खटकली. दूध अठराशे रुपये. म्हणजे रोज एक लिटर. ती स्वतः सकाळी एक कप चहा घेते, रात्री थोडं विरजण लावते. एकट्या बाईला अर्धा लिटर बास. नऊशे रुपये जास्त गेलेत. उद्या विचारतो. चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही, पण आज ती थकलीय.

मग बसून नवीन आकडेमोड केली. यावेळी उलटी. आधी तिचे अठरा हजार दोनशे, आजच्या भावाने, ब्याण्णवपर्यंत, दरवर्षी वाढवत. ते वेगळे काढले आणि उरलेल्यात दोघांचं बसवलं. तीन वर्षांच्या नोकरीत बसत नाही. चार वर्षांत बसतं. दोघांना बावीस हजार सातशे. सत्तावीसवरून तिथे यायला हात आखडावा लागेल. जमेल. अभिमन्यूला फोन करून सांगितलं, तीन नाही, चार वर्षं येईन. तो म्हणाला, काका, दहा वर्षं या. म्हणालो, चार म्हणजे चार.

१ मे, गुरुवार

सकाळी उठून हॉलमध्ये आलो. शकुंतला अक्कलकोटला जायच्या तयारीत होती. एक तारखेची पहिली गाडी. माझ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली. सहसा बसत नाही.

"कवा आलाय बार्शीहून?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"महिना लई मोठा गेला," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. पदराने पुसले आणि म्हणाली, कांद्यामुळे. कांदा चिरलेला नव्हता.

मला सुचलं नाही की मी हिशेबाचं बोलतो. म्हणालो, सगळं ठीक आहे, फक्त दुधाचं बघ. नऊशे रुपये जास्त लागलेत.

ती माझ्या हातातल्या कपाकडे बघत राहिली. मग मीही बघितलं.

पीठ, भाजी, तेल, गोळ्या, पेपर, पेट्रोल. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने पाकिटात चहा धरला नव्हता. बार्शीला बसून दिवसाला पाच कप पीत होतो, तिच्या डब्यातून. ती महिनाभर भिशीचे पैसे घालून मला पाजत होती, आणि नियम म्हणून बोलली नव्हती.

"मग हे नऊशे काढतो," मी म्हणालो. "तुझे सतरा हजार तीनशेच होतात. सोपं होईल सगळं. चौथ्या वर्षाची नोकरी पण कदाचित टळेल."

"काढू नगा."

"अगं, पण मी नसल्यावर ते दूध लागणार नाही."

"लागनार," ती म्हणाली. पिशवी उचलली, चप्पल घातली. "आत्ता तुमी बार्शीला हुता तरी दोन कप ठिवत हुते. तवा बी दोनच ठिवनार. तुमी नसला म्हनून हाताला कळतंय व्हय? राहू द्या ते दूध."

ती गेली. तीन जिने उतरून जाताना तिच्या चपलांचा आवाज मी खालपर्यंत ऐकला, दोन्ही कानांनी ऐकायचा प्रयत्न केला.

मग तक्ता उघडला. दूध, रोज एक लिटर, माझ्यामागेही, तिच्या ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत. बाकी सगळ्याला सहा टक्के ठेवले. दुधाला साडेसहा धरले.